शिवणयंत्राचा दांडा आणि लाग्रांजचा गुणक

आईचं पायाचं शिवणयंत्र खिडकीजवळ असायचं. सात-आठ वर्षांचा असताना मी त्यावर बसायचा हट्ट करायचो. पॅडल दाबलं की चाक कधी पुढे जायचं, कधी उलटं फिरायचं. उलटं फिरलं की दोरा गुंतायचा आणि तुटायचा. आई कपडा सोडवत तेच सांगायची: "आधी हाताने चाक पुढे ढकल, मग पाय लाव." हात का लावायचा हे तिने कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्याचं नेमकं उत्तर मला पुष्कळ वर्षांनी मिळालं. तेच यंत्र मी एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून संगणकावर चालवू पाहत होतो आणि संगणक पुन्हा पुन्हा अडत होता.

या यंत्राचा खालचा अर्धा भाग म्हणजे चार दुव्यांची यंत्रणा. पहिला दुवा लोखंडी स्टँड, तो हलत नाही. दुसरा पॅडल, ते आपल्या आसाभोवती खालीवर डुलतं. तिसरा पॅडलपासून वर जाणारा उभा दांडा. चौथा मोठ्या चाकाच्या आसाजवळची आखूड क्रँक, तिच्यावर दांड्याचं वरचं टोक बसतं. पॅडलचं डुलणं आणि चाकाचं फिरणं यांची सांगड हा दांडा घालतो. हिशेबासाठी सोयीची मापं धरू: क्रँक ३ सेंटीमीटर, दांडा ३६, पॅडलच्या आसापासून दांड्यापर्यंतचं अंतर १२ आणि दोन आसांमधलं अंतर ३८. सगळ्यांत आखूड आणि सगळ्यांत लांब दुव्यांची बेरीज ४१, उरलेल्या दोघांची ४८. पहिली बेरीज दुसरीपेक्षा कमी आहे आणि सर्वांत आखूड दुवा क्रँक आहे, म्हणून क्रँक पूर्ण फेरा मारू शकते. हा नियम जर्मन अभियंते फ्रान्झ ग्रासहोफ यांच्या नावाने ओळखला जातो. एका फेऱ्यात पॅडल सुमारे २९ अंशांत डुलतं. हे सगळं कागदावर कंपास आणि पट्टीने काढता येतं.

पण कागदावर एक गोष्ट दिसत नाही. दांड्याच्या खालच्या सांध्यात पिन झिजते, काही वर्षांनी तिथून टकटक ऐकू येते आणि मेकॅनिक म्हणतो, "प्ले आलाय." झीज भारामुळे होते. तो भार किती, फेऱ्याच्या कोणत्या क्षणी सर्वाधिक आणि कोणत्या दिशेने, हे भूमितीला सांगता येत नाही. त्यासाठी वस्तुमान, जडत्व, गुरुत्वाकर्षण आणि पायाचा जोर हे सगळं एकाच हिशेबात धरावं लागतं. अनेक वस्तू सांध्यांनी जोडलेल्या असताना तो हिशेब कसा करायचा, हे शिकवणारं शास्त्र म्हणजे मल्टिबॉडी डायनॅमिक्स, मराठीत बहुवस्तु-गतिशास्त्र. मोटारीचं सस्पेन्शन, कारखान्यातला रोबोचा हात, विमानाची घडी होणारी चाकं आणि माणसाचा गुडघा हे सगळं त्याच्या कक्षेत येतं.

या शास्त्राचा गाभा दोनशेहून अधिक वर्षांपूर्वीचा आहे. जेम्स वॉट यांनी १७८४ मध्ये आपल्या वाफेच्या इंजिनासाठी दुव्यांची अशी एक जोडणी पेटंट केली, की तिच्यामुळे डुलत्या तुळईला जोडलेला दट्ट्या जवळजवळ सरळ रेषेत चालायचा. स्वतःच्या सर्व शोधांत त्यांना या जोडणीचा अभिमान सर्वाधिक होता. चारच वर्षांनी, १७८८ मध्ये, तुरीन इथे जन्मलेल्या गणितज्ञ लाग्रांज यांचा यांत्रिकीवरचा महाग्रंथ पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला. या ग्रंथात एकही आकृती सापडणार नाही, असं त्यांनी प्रस्तावनेतच सांगून टाकलं होतं. वॉट दुवे जोडत होते, लाग्रांज दुव्यांची समीकरणं लिहीत होते. आजचं प्रत्येक बहुवस्तु सॉफ्टवेअर या दोघांना एकत्र आणतं.

लाग्रांज यांची युक्ती लंबकावरून समजते. दोरीला बांधलेल्या गोळ्याचं स्थान आडव्या आणि उभ्या अशा दोन अंतरांनी सांगू. गोळा मोकळा असता तर ही दोन्ही अंतरं स्वतंत्र असती, पण दोरी त्याला मोकळं सोडत नाही. दोन्ही अंतरांच्या वर्गांची बेरीज दोरीच्या लांबीच्या वर्गाइतकीच राहायला हवी. हे झालं बंधन. आता हिशेब दोन वाटांनी करता येतो. एका वाटेने दोन्ही अंतरं टाकून द्यायची आणि फक्त दोरीचा कोन घ्यायचा. समीकरण एकच उरतं, पण दोरी हिशेबातून नाहीशी होते. दुसऱ्या वाटेने दोन्ही अंतरं ठेवायची आणि बंधन स्वतंत्र समीकरण म्हणून सोबत लिहायचं. समीकरणं वाढतात, आणि प्रत्येक बंधनामागे एक नवी अज्ञात संख्या आत येते. तिला लाग्रांजचा गुणक म्हणतात.

कॉलेजात हा गुणक आम्हाला गणिती क्लृप्ती म्हणून शिकवला गेला. परीक्षेत तो काढायचा आणि सोडून द्यायचा. प्रत्यक्षात तो दोरीतला ताण असतो. लंबक आडवा धरून सोडला तर तळाशी येताना दोरीवर गोळ्याच्या वजनाच्या बरोबर तिप्पट ताण असतो आणि गुणक त्या क्षणी नेमकं तेच सांगतो. जिथे जिथे सांधा तिथे तिथे बंधन, आणि जिथे बंधन तिथे गुणक. म्हणजे गुणकांची यादी म्हणजे यंत्रातल्या प्रत्येक पिनेवरच्या भाराची यादी. ही गोष्ट लक्षात आली त्या दिवशी मी बराच वेळ नुसता त्या आकड्यांकडे पाहत बसलो होतो. दुसरी वाट लांबची आहे, पण मेकॅनिकला हवं असलेलं उत्तर त्याच वाटेवर मिळतं.

ही वाट हाताने चालणं अशक्यप्राय आहे, आणि संगणकालाही ती सोपी गेली नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात मिल्टन चेस, निकोले ऑर्लांडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सर्व वस्तूंची सर्व समीकरणं एकत्र मांडून संगणकाकडून सोडवून घेण्याची पद्धत उभी केली. त्यातूनच अ‍ॅडम्स हे पुढे जगभर विकलं गेलेलं सॉफ्टवेअर निघालं. अडचण अशी, की गतीची समीकरणं डिफरन्शियल असतात आणि बंधनांची बैजिक. दोन्ही एकत्र आली की नेहमीच्या पद्धती कोलमडतात. लिंडा पेट्झोल्ड यांच्या १९८२ च्या प्रसिद्ध निबंधाचं शीर्षकच असं होतं, की डिफरन्शियल-बैजिक समीकरणं म्हणजे साधी डिफरन्शियल समीकरणं नव्हेत. बंधनाचं दोनदा विकलन करून ते त्वरणाच्या पातळीवर पाळायचं, हा सोपा वाटणारा उपाय केला तर दर पावलाला बारीक चूक साठत जाते आणि पडद्यावर लंबकाची दोरी हळूहळू लांब होते. योआखिम बाउमगार्टे यांनी १९७२ मध्ये यावर मार्ग सुचवला: चुकीलाच जणू स्प्रिंग आणि डँपर जोडायचे, म्हणजे ती वाढू लागली की मागे खेचली जाईल. आजची चांगली सॉफ्टवेअर्स बहुधा बंधन थेट स्थानाच्या पातळीवर, दर पावलाला पुन्हा तपासून पाळतात.

मी वापरलं ते सॉफ्टवेअर म्हणजे एमबीडाइन. ते मिलानच्या तंत्रविद्यापीठात, म्हणजे पोलितेक्निको दि मिलानोच्या विमानविद्या विभागात वाढलं. त्यामागे पिएरांजेलो मासाराती आणि पाओलो मांतेगाझ्झा यांच्यासारख्या प्राध्यापकांचं काम आहे. ते जीपीएल परवान्याखाली आहे. कुणीही ते उतरवून घ्यावं, आतला कोड वाचावा, बदलावा आणि पुढे द्यावा. मिलानच्या परिसरात हेलिकॉप्टर बनवण्याची जुनी परंपरा आहे आणि हे सॉफ्टवेअर हेलिकॉप्टरच्या प्रश्नांवरच पोसलं गेलं. हेलिकॉप्टरचं पातं मुळाशी वरखाली फडफडतं, फिरण्याच्या पातळीत मागेपुढे होतं आणि स्वतःच्या लांबीभोवती पिळतंही. शिवाय ते इतकं लवचिक असतं, की उभ्या हेलिकॉप्टरवर खाली झुकलेलं दिसतं. पात्यांचं मागेपुढे होणं आणि चाकांवर उभ्या धडाचं डोलणं यांची लय जुळली, तर काही सेकंदांत हेलिकॉप्टर जमिनीवरच स्वतःला मोडून घेतं. अशा संकटाचा अंदाज आधी घेता यावा म्हणून घडवलेलं साधन शिवणयंत्रासाठीही तितकंच खुलं आहे, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

एमबीडाइनमध्ये चित्र काढायची खिडकी नाही. यंत्र शब्दांत लिहायचं असतं. सुरुवातीला वेळ: कुठून कुठवर आणि किती बारीक पावलांनी. मग नोड, म्हणजे अवकाशातल्या वस्तूंच्या जागा आणि त्यांचे सुरुवातीचे वेग. मग प्रत्येक नोडला वस्तुमान आणि जडत्व. मग सांधे: रेव्होल्यूट हिंज म्हणजे बिजागरी, स्फेरिकल हिंज म्हणजे गोळा-वाटी, कार्डानो हिंज म्हणजे मोटारीच्या शाफ्टवर दिसतो तो क्रॉस. शेवटी गुरुत्वाकर्षण. ही फाइल म्हणजे यंत्राबद्दल तुम्हाला जे जे ठाऊक आहे त्याचा कबुलीजबाब. एक गोष्ट राहिली की संगणक अडतो, आणि आपण काय गृहीत धरलं होतं हे तिथेच उघड होतं.

माझं तसंच झालं. चार सांधे होते, मी चारही ठिकाणी बिजागरी लिहिली. प्रत्यक्ष यंत्रातही बघताना चारही ठिकाणी पिनच दिसते. प्रोग्रामने एक पाऊलही टाकलं नाही. समीकरणांची सारणी सोडवता येत नाही, असा संदेश येत राहिला. मी मापं तपासली, चिन्हं तपासली, वेळेचं पाऊल बारीक केलं. चूक मोजणीत होती.

अवकाशात मोकळ्या वस्तूला सहा मोकळिकी असतात: तीन सरकण्याच्या, तीन फिरण्याच्या. पॅडल, दांडा आणि क्रँक मिळून अठरा. बिजागरी पाच मोकळिकी हिरावून घेते, फक्त एक ठेवते. चार बिजागऱ्या वीस हिरावतात. अठरातून वीस गेले की उरतात उणे दोन. या हिशेबाने आईचं यंत्र हलायलाच नको होतं. ते अगदी जखडलेलं, कुलूप लावल्यासारखं असायला हवं होतं. आणि तरी त्यावर शाळेचे गणवेश, उशांचे अभ्रे, शेजारच्या घरांतले पडदे असं सगळं शिवून झालं.

ते चालतं, कारण चारही पिना एकमेकींना समांतर आहेत. सगळी हालचाल एकाच पातळीत होते आणि तीन बंधनं तीच ती गोष्ट पुन्हा सांगतात. दांड्याने बाजूला कलू नये, हे पॅडलची पिनही सांगते आणि क्रँकचीही. एकच भार दोन ठिकाणी वाटला गेला, तर कोणाच्या वाट्याला किती, हे समीकरणांना ठरवता येत नाही. संगणकाने हात टेकले ते याच कारणाने, आणि तो बरोबर होता. खऱ्या यंत्रात हा प्रश्न पिनेभोवतीच्या केसाएवढ्या फटीने सुटतो. मेकॅनिक ज्याला प्ले म्हणतो तो जास्त झाला तर दोष, पण अजिबात नसेल तर यंत्र जाम. चारही भोकं शंभर टक्के समांतर आणि फट शून्य, असं यंत्र कुणालाही बनवता येणार नाही. कारागिराच्या हाताला हे गणिताआधी कळलेलं असतं.

मग मी दांड्याच्या खालच्या टोकाला बिजागरीऐवजी गोळा-वाटी लिहिली, ती तीनच मोकळिकी घेते. वरच्या टोकाला कार्डानो, चार घेणारा. पाच, पाच, चार आणि तीन मिळून सतरा. अठरातून सतरा गेले, उरली एक. तीच चाकाची. प्रोग्राम चालू लागला. एमबीडाइन प्रत्येक हलत्या वस्तूसाठी स्थान आणि संवेग मिळून बारा समीकरणं मांडतं, म्हणजे तीन वस्तूंची छत्तीस आणि बंधनांची सतरा: एका घरगुती पॅडलसाठी त्रेपन्न समीकरणं, आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाचं पाऊल धरलं तर ती सेकंदाला हजार वेळा सोडवायची. जास्तीच्या बंधनांचा हा पेच सर्वांनाच पडतो. ओपनमोडेलिका हे दुसरं मुक्त सॉफ्टवेअर ज्या मोडेलिका भाषेवर चालतं तिच्या प्रमाण संग्रहात एका पातळीतल्या बंद साखळीसाठी मुद्दाम वेगळी बिजागरी बनवून ठेवली आहे.

आता आईच्या हाताकडे वळतो. पहिल्यांदा मी पॅडलला ठरीव डुलणं लावलं: इतक्या सेकंदांत इतके अंश वर, इतके खाली. यंत्र अर्धा फेरा गेलं आणि अडलं. क्रँक आणि दांडा एका रेषेत येतात तिथे पॅडलने कितीही जोर लावला तरी तो जोर चाकाच्या आसातूनच जातो, चाक फिरवू शकत नाही. तिथून पुढे चाक उजवीकडे जावं की डावीकडे, याचं उत्तर पॅडलच्या कोनात दडलेलं नाही. दोन्ही उत्तरं तितकीच बरोबर आहेत. आणि २९ अंशांच्या जागी मी ३० लिहिले तर तशी स्थितीच अस्तित्वात नाही. अभियंते याला मृतबिंदू म्हणतात आणि प्रत्येक फेऱ्यात तो दोनदा येतो.

उपाय असा, की पॅडलला कोन न सांगता जोर सांगायचा, आणि चाकाला सुरुवातीचा वेग द्यायचा. मग मृतबिंदूपाशी जोर निरुपयोगी असला तरी जड चाक आपल्या जडत्वाने पुढे निघून जातं आणि पाय पुन्हा कामाला येतो. फाइलमध्ये मी चाकाच्या नोडपुढे सुरुवातीच्या कोनीय वेगाचा आकडा लिहिला. त्या ओळीवर थांबलो तेव्हा लक्षात आलं, की आईचा हात म्हणजे हीच ओळ. चाक पुढे ढकलून ती यंत्राला वेगही देत होती आणि दिशाही.

चालवून झाल्यावर एमबीडाइन आकड्यांच्या फाइली ठेवतं. डॉट एमओव्ही नावाच्या फाइलमध्ये हालचाल असते. ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरला जोडणारा ब्लेंडिन नावाचा पूरक भाग आहे, त्यातून ती चित्रासारखी पाहता येते. ती पाहायला मजा येते, पण खरा ऐवज डॉट जेएनटी या दुसऱ्या फाइलमध्ये आहे. तिथे प्रत्येक सांध्यावरचं बल आणि पीळ क्षणाक्षणाला लिहिलेले असतात. हेच ते गुणक. चाक मिनिटाला १२० फेरे फिरत असेल तर दांड्याच्या वरच्या टोकाला सुमारे ४.७ मीटर प्रति सेकंद वर्ग इतकं त्वरण असतं, गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ निम्मं. २४० फेऱ्यांना ते १९ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ दुप्पट गुरुत्वाकर्षण. वेग दुप्पट केला की जडत्वाचा भार चौपट होतो. दिवाळीच्या तोंडावर भरभर चाललेलं मशीन इतर महिन्यांपेक्षा लवकर का खडखडू लागतं, याचं बरंचसं उत्तर या चौपटीत आहे.

पडद्यावर यंत्र सुरेख फिरतंय म्हणून ते खरं मानू नये. एमबीडाइनसमोर मी जी वस्तू ताठ म्हणून लिहिली ती त्याच्यासाठी ताठच राहते, प्रत्यक्षात तशी नसली तरी. ३१ जानेवारी १९५८ ला अमेरिकेने एक्स्प्लोरर-१ हा आपला पहिला उपग्रह सोडला. तो पेन्सिलीसारखा लांबट होता आणि लांबीच्या आसाभोवती फिरत राहील अशी अपेक्षा होती. थोड्याच वेळात तो आडवा होऊन पंख्याच्या पात्यासारखा फिरू लागला. त्याच्या चार लवचिक अँटेना वाकत राहिल्या, त्या वाकण्यात थोडी थोडी ऊर्जा खर्ची पडली आणि उपग्रह कमी ऊर्जेच्या फिरण्याकडे गेला. ताठ वस्तूचं गणित अचूक होतं, वस्तू मात्र ताठ नव्हती. एमबीडाइनमध्ये लवचिक तुळई लिहिता येते, पण कुठे लिहायची ते लिहिणाऱ्याने ठरवायचं असतं.

म्हणून नव्याने शिकणाऱ्याने आधी उत्तर ठाऊक असलेलं यंत्र घ्यावं. एक मीटरचा लंबक लिहा, तो थोडा हलवून सोडा. त्याचा एक झोका २.००६ सेकंदांचा यायला हवा. आडवा सोडून तळाशी तिप्पट ताण येतो का ते पाहा. घर्षण नसताना एकूण ऊर्जा टिकते का ते पाहा. वेळेचं पाऊल निम्मं करा. उत्तर बदललं तर आधीचं पाऊल मोठं होतं. एवढं जमल्याशिवाय चार दुव्यांकडे जाऊ नये.

एमबीडाइन एकटंच नाही. इटलीतल्या पार्मा विद्यापीठातले अलेस्सांद्रो तासोरा आणि अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातले डॅन नेग्रूट यांच्या पुढाकाराने वाढलेलं क्रोनो तितकंच खुलं आहे. वाळूचे असंख्य कण आणि त्यांतून जाणारी चाकं असे प्रश्न ते चांगले हाताळतं, आणि पायथॉन येत असेल तर त्यातूनही चालवता येतं. फ्रीकॅड या मुक्त आरेखन-सॉफ्टवेअरच्या नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या १.० आवृत्तीत सुटे भाग सांध्यांनी जोडायची सोय मूळ सॉफ्टवेअरमध्येच आली. माझा कल तरीही एमबीडाइनकडे आहे, कारण ते लिहायला लावतं. चित्रावर माउसने सांधा बसवताना हात सहज चालतो. तोच सांधा शब्दांत लिहिताना तो काय काय अडवतो, हे मोजावं लागतं.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांसाठी वाट तुलनेने सोपी आहे. मुंबईच्या आयआयटीतला फॉसी प्रकल्प अशीच मुक्त सॉफ्टवेअर्स शिक्षणात आणण्याचं काम करतो, त्यात ओपनमोडेलिकाही आहे. तिथल्याच स्पोकन ट्युटोरियल मालिकेतले काही पाठ मराठीतही ऐकता येतात. महागडं सॉफ्टवेअर बहुधा कॉलेजच्या प्रयोगशाळेपुरतंच असतं, प्रयोगशाळा बंद झाली की अभ्यास थांबतो. मुक्त सॉफ्टवेअर घरच्या जुन्या लॅपटॉपवर चालतं आणि त्याचा कोड उघडून गुणक कसा काढला ती ओळही वाचता येते.

तुमच्या घरी, आजोळी किंवा एखाद्या शिंप्याच्या दुकानात पायाचं मशीन अजून असेल तर पट्टी घेऊन त्याचे चार दुवे मोजा आणि फाइल लिहून ते चालवा. मग चित्र बघायच्या आधी डॉट जेएनटी उघडा आणि दांड्याच्या खालच्या सांध्यावरचा आकडा वाचा.